सुराआधी ऐकू येतं ते

गाजलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणातून एक दशांश सेकंदाचा तुकडा कापून ऐकवला, तर त्यात काय ऐकू येईल? चाल नाही, कारण चालीला निदान दोन-तीन स्वर तरी लागतात. शब्द नाहीत, लयही नाही. तरीसुद्धा ग्लेन शेलेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांनी असल्या तुकड्यांवरून गाणी ओळखली. समोर गाण्यांच्या नावांची छोटीशी यादी होती. तुकडे काही ०.१ सेकंदाचे, काही ०.२ सेकंदाचे. नुसते ठोकताळे बांधून जितकी बरोबर आली असती, त्याहून जास्त उत्तरं बरोबर आली. तेच तुकडे उलटे वाजवले तेव्हा ओळख पार गेली, आणि वरच्या वारंवारता गाळून टाकल्या तेव्हाही गेली.

इतक्या छोट्या तुकड्यातला स्वर सुलटा वाजवा की उलटा, तोच राहतो. बदलतं ते दुसरंच काही: आवाज सुरू कसा होतो, त्यात काय काय मिसळलेलं आहे, ते मिश्रण क्षणाक्षणाला कसं हलतं. संगीताच्या परीक्षांच्या पुस्तकांत याला नादाची जाती म्हणतात, ध्वनिमुद्रण करणारे सरळ टिंबर म्हणतात. इथे मी त्याला पोत म्हणणार आहे. पुस्तकांत नादाची तीन लक्षणं एका दमात सांगितलेली असतात, उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती, आणि तिसऱ्या लक्षणाची दोन ओळींत बोळवण होते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. कान आधी पोत पकडतो. सूर कोणता, हे त्यानंतर काढलेलं अनुमान असतं.

पोताला असं कडेला बसवण्याची सुरुवात त्याच्या व्याख्येपासूनच होते. रूढ व्याख्या साधारण अशी: दोन आवाज सारख्याच उंचीचे आणि सारख्याच मोठेपणाचे असूनही ऐकणाऱ्याला वेगळे वाटले, तर ज्यामुळे ते वेगळे वाटले तो पोत. म्हणजे पोत काय नाही तेवढंच कळलं. शिवाय झांजेला निश्चित असा सूर नसतो, त्यामुळे या व्याख्येनुसार झांजेला पोतच नाही असं म्हणायची वेळ येते. आणि झांज डोळे मिटूनही कुणीही ओळखतं. व्याख्या करणाऱ्यांची हुशारी मला नाकारायची नाही. अडचण खरी आहे. उंची एका रेषेवर मांडता येते, खाली खर्ज, वर तार. मोठेपणाही एका रेषेवर बसतो. पोताला अशी एक रेषाच नाही.

आधी मिश्रणाबद्दल. एखादी तार सेकंदाला २०० वेळा कंप पावते, म्हणजे तिची वारंवारता २०० हर्ट्झ. पण तार पूर्ण लांबीनं हलत असतानाच अर्ध्या-अर्ध्या भागांत, तिसऱ्या, चौथ्या भागांतही हलत असते. त्यामुळे २०० बरोबरच ४००, ६००, ८००, १००० अशा वारंवारताही निघतात. यांना उपस्वर म्हणू. २०० हा षड्ज मानला तर ४०० हा वरच्या सप्तकातला षड्ज, ६०० हा त्याच्या वरचा पंचम, ८०० पुन्हा षड्ज आणि १००० हा गंधार. एका ‘सा’च्या पोटात पंचम आणि गंधार आधीपासून बसलेले असतात. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो आणि गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, तो हाच पाचवा उपस्वर.

जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी हे उपस्वर सुटे करून ऐकण्याची एक साधी युक्ती वापरली. वेगवेगळ्या आकारांचे पोकळ गोल. प्रत्येकाला दोन भोकं, त्यातलं एक कानात बसणारं. प्रत्येक गोल एकाच वारंवारतेला घुमतो. तो कानाला लावून वाद्याचा स्वर ऐकला की मिश्रणातला तेवढाच उपस्वर उठून येतो. अशा रीतीनं त्यांनी स्वर उकलले, आणि पुढे विजेवर कंप पावणारे नादचिमटे एकत्र वाजवून मानवी आवाजातल्या ‘आ’, ‘ओ’सारख्या ध्वनींची नक्कल करून दाखवली. १८६३ साली त्यांनी हे सगळं ग्रंथरूपानं मांडलं. निष्कर्ष असा की कोणता उपस्वर किती जोराचा, या प्रमाणातून पोत ठरतो.

हे बऱ्याच अंशी खरं आहे. क्लॅरिनेटची नळी सारख्या जाडीची, आणि जिभाळी (फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी) असलेलं टोक ध्वनीच्या दृष्टीनं बंद. अशा नळीत पहिला, तिसरा, पाचवा असे विषम उपस्वर जोर धरतात आणि सम उपस्वर दुबळे राहतात. खालच्या पट्टीतला क्लॅरिनेट पोकळ, लाकडी वाटतो तो यामुळे. सनईची नळी निमुळती आहे, तिच्यात सम-विषम दोन्ही भरघोस निघतात. बासरी मंद फुंकली तर मोजकेच उपस्वर असतात, म्हणून ती मऊ.

फोनवर बोलताना याच मिश्रणाचा एक चमत्कार रोज घडतो. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर १०० ते १२० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तो तारेतून जातच नव्हता. तरीही पलीकडचा माणूस बारीक आवाजात बोलतोय असं कुणाला वाटलं नाही. उपस्वरांमधलं अंतर पाहून मेंदू गैरहजर मूळ स्वर स्वतःच काढतो. सूर हे अनुमान आहे असं मी वर म्हटलं ते याच अर्थानं.

हेल्महोल्ट्झ यांचं चित्र मात्र स्थिर होतं. प्रत्यक्षातला आवाज स्थिर नसतो. पियानोचं ध्वनिमुद्रण उलटं वाजवलं, तर त्यातल्या प्रत्येक स्वरात उपस्वर तेच आणि तेवढेच असतात. पण ऐकू येतं ते ऑर्गनसारखं फुगत जाणारं काहीतरी. पॅरिसमध्ये १९४८ च्या सुमारास पिएर शेफर ध्वनिमुद्रणांशी असेच खेळ करत होते. त्यांनी घंटेच्या आवाजाचा सुरुवातीचा ठोका कापून टाकला, आणि उरलेला नाद घंटेचा वाटेना. केनेथ बर्गर यांनी १९६४ साली फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या स्वरांची सुरुवात आणि शेवट कापून ते बँडमध्ये वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांना ऐकवले. रोज ही वाद्यं शेजारी बसून ऐकणाऱ्यांचाही गोंधळ उडाला.

स्वराच्या त्या पहिल्या काही शतांश सेकंदांत असतं तरी काय? खरं तर गोंगाट. गजाचं तारेवर घासणं, हातोडीची टकटक, बासरीच्या तोंडावर हवेचा फुत्कार. सूर अजून बसलेला नसतो, उपस्वर एकेक करून आत येत असतात. शुद्ध सुराच्या दृष्टीनं हा कचरा. ओळख पटवण्याचं बहुतेक काम हा कचराच करतो. म्हणून ध्वनिमुद्रण ‘स्वच्छ’ करताना फुंकीचा, बोटांचा, श्वासाचा आवाज पुसून टाकणाऱ्यांबद्दल मला नेहमी थोडी धास्ती वाटते.

ट्रम्पेटची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यात ज्याँ-क्लोद रिसे अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत संगणकावर ट्रम्पेटचा आवाज बनवायचा प्रयत्न करत होते. उपस्वरांचं प्रमाण पुस्तकाबरहुकूम ठेवलं, तरी ट्रम्पेट काही उभा राहीना. खऱ्या ट्रम्पेटची ध्वनिमुद्रणं बारकाईनं तपासल्यावर कळलं की तिथे प्रमाण ठरलेलं नसतंच. जोर वाढला की सगळे उपस्वर सारखे वाढत नाहीत, वरचे जास्त वेगानं वाढतात. स्वर सुरू होतानाही खालचे आधी येतात, वरचे मागून. हा एक नियम संगणकात घातला आणि पितळेची झळाळी आली.

त्या नियमातून ऐकण्याबद्दलची एक मोठी गोष्ट उलगडते. जोरात फुंकलेल्या ट्रम्पेटचं ध्वनिमुद्रण लावा आणि आवाज अगदी बारीक करा. तो हळू फुंकलेला ट्रम्पेट वाटत नाही. जोरात फुंकलेला ट्रम्पेट हळू ऐकू येतोय असंच वाटतं. उलट कुजबुजीचं ध्वनिमुद्रण कितीही मोठं केलं तरी ती आरोळी होत नाही. कान नुसता मोठेपणा मोजत नाही, आवाजामागे किती बळ लागलं ते वाचतो. गळा आवळलेला आहे की मोकळा, गज दाबून ओढला की अलगद, हे सगळं पोतात उमटतं. शब्द न कळणाऱ्या भाषेतलं गाणंही आर्त वाटू शकतं, त्यात या वाचनाचा मोठा हात आहे. आवाज कशामुळे झाला, त्या वस्तूला किंवा देहाला काय झालं, ही बातमी पोत पोचवतो. जंगलात ऐकणाऱ्याला आवाज गंधाराचा होता की मध्यमाचा याच्याशी कर्तव्य नव्हतं.

वर रेषा नाही म्हटलं. मग नकाशा काढता येईल का? जॉन ग्रे यांनी १९७७ साली तसा काढला. वाद्यांचे स्वर उंचीनं, मोठेपणानं, लांबीनं सारखे केले, जोड्या ऐकवून हे दोन किती वेगळे वाटतात असं लोकांना विचारलं, आणि उत्तरांवरून वाद्यं एका त्रिमिती नकाशावर मांडली. पुढे इतरांनीही असे नकाशे काढले. त्यांत वारंवार दिसणाऱ्या दिशा दोन: आवाज किती झटक्यात सुरू होतो, आणि त्यातली ऊर्जा वरच्या उपस्वरांकडे किती झुकलेली आहे. दुसऱ्या गुणाला आपण सहजच उजळ किंवा गडद म्हणतो. उपस्वर काळानुसार कसे हलतात, ही तिसरी दिशा कधी ठळक मिळते, कधी नाही.

पोत हा जाणकारांचा प्रांत आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक गोष्ट. एकाच सुरात ‘आ’ म्हणा आणि सूर न सोडता ‘ई’ म्हणा. उंची तीच, जोर तोच. बदलला तो फक्त पोत. स्वरतंतूंपासून निघालेली भुणभुण घसा आणि तोंडाच्या पोकळीतून जाते, आणि ती पोकळी काही पट्ट्यांतल्या उपस्वरांना उचलून धरते. असा उचलून धरलेला पट्टा म्हणजे पोकळीचा अनुनाद. ‘आ’ म्हणताना पहिला अनुनाद ७०० हर्ट्झच्या आसपास असतो. ‘ई’ म्हणताना तो ३०० च्या जवळ उतरतो आणि दुसरा २००० च्या वर चढतो. जिभेची जागा बदलली की हे आकडे बदलतात, आणि तेवढ्यावरून आपण अक्षरं ओळखतो. ज्याला बोलणं समजतं तो प्रत्येक जण सेकंदाला कितीतरी पोत अचूक वाचत असतो. स्वरज्ञान शिकावं लागतं, पोताचं ज्ञान बोलायला शिकतानाच येऊन गेलेलं असतं.

ऑपेरातल्या उंच पट्टीच्या गायिकांचे शब्द कळत नाहीत, अशी जुनी तक्रार आहे. त्यात त्यांचा दोष थोडाच. सूर १००० हर्ट्झवर पोचला की उपस्वर १०००, २०००, ३००० असे दूर दूर पडतात. ‘ई’ची खूण असलेल्या ३०० हर्ट्झपाशी दाखवायला काहीच नसतं. सगळे उच्चार ‘आ’कडे सरकतात. गायिका तोंड अधिक उघडून पोकळीचा अनुनाद सुरापर्यंत वर नेतात, त्यानं आवाज भरतो, पण उच्चार आणखीच पुसट होतो. पुरुष गायकांची युक्ती वेगळी. योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की तयार ऑपेरा गायकाच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास ऊर्जेचा एक उंचवटा असतो. वाद्यवृंदाची बरीचशी ताकद ५०० हर्ट्झच्या जवळपास असते आणि वर ती उतरत जाते, त्यामुळे त्या मोकळ्या पट्ट्यातून एकटा माणूस मायक्रोफोनशिवाय मोठ्या ताफ्यावर तरंगतो. १९२० च्या दशकात मायक्रोफोन आला आणि ही गरज संपली. कानाशी बोलल्यासारखं गाणं, श्वास ऐकू येईल असं गाणं, मोठ्या सभागृहात पहिल्यांदा शक्य झालं. गायनाच्या शैलीत इतका मोठा फरक एका यंत्रानं पाडला, आणि चाल किंवा राग त्यात कुठेच आला नाही.

आता तानपुऱ्याकडे येतो, कारण पोताखेरीज दुसरं कुठलंच काम न करणारं हे वाद्य आहे. तो चाल वाजवत नाही, ताल देत नाही. चार तारा, आणि त्याही बोटाच्या मऊ भागानं अशा छेडायच्या की सुरुवातीचा ठोका जाणवू नये. वर घंटेचं आणि पियानोचं जे सांगितलं, त्याच्या नेमकं उलट धोरण. सुरुवात लपवायची आणि पुढचा नाद उलगडू द्यायचा. रहस्य घोडीत आहे. तानपुऱ्याची घोडी धारदार नसून रुंद आणि किंचित बाकदार असते. तार तिच्यावरून एका ठिकाणी सुटत नाही, कंप पावताना पृष्ठभागाला घासत, टेकत राहते. तार आणि घोडी यांच्यामधला दोरा सरकवून तार नेमकी कुठे टेकणार ते साधलं की जवारी, म्हणजे तारेचा तो भरलेला झंकार, खुलते. त्या घासण्यातून वरच्या उपस्वरांना सतत खाद्य मिळत राहतं, आणि ते एकामागून एक पुढे येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यातली एक गंमत नोंदवली. जुन्या नियमानुसार, तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू (त्या उपस्वरात तार जिथे हलतच नाही ती जागा) असतो, तो उपस्वर आवाजात नसायला हवा. तानपुऱ्यात तो असतो, आणि चांगला ठळक असतो.

गाणाऱ्याला याचा उपयोग काय? त्याच्यासमोर फक्त ‘सा’ आणि ‘प’ नसतात, उपस्वरांची अख्खी शिडी असते. गंधार लावताना तो त्या स्वयंभू गंधाराशी जुळला नाही, तर दोन जवळच्या वारंवारतांची थरथर उठते. जुळला की थरथर थांबते आणि गळा व तानपुरा यांचं मिळून एकच काहीतरी ऐकू येतं. ‘स्वर लागला’ म्हणतात त्याला उंचीची अचूकता पुरत नाही. ट्यूनर दाखवतो त्या आकड्यावर उभा असलेला पण बंद, दाबलेला आवाज मिसळत नाही, कारण जुळायला लागणारे उपस्वरच त्यात नसतात.

तबल्यातही शास्त्राला चकवणारा प्रकार आहे. साध्या गोल चामड्याचे कंप मूळ वारंवारतेच्या १.५९, २.१४, २.३० पट असे वेडेवाकडे पडतात, म्हणून बहुतेक ढोलांना नीट सूर नसतो. मधल्या शाईच्या वजनामुळे ते जवळजवळ २, ३, ४, ५ पटींवर येऊन बसतात. रामन आणि शिवकाली कुमार यांनी हे १९२० साली ‘नेचर’ नियतकालिकात मांडलं. एरवी तबला सुरात मिळवणं शक्यच नव्हतं. पण मला त्याहून जास्त मोह पडतो तो बोलांचा. अनामिका टेकवून चाटेवर तर्जनी मारली की ‘ना’, तेच बोट शाईच्या कडेशी आलं की ‘तिं’, डग्ग्यावर हात मोकळा सोडला की ‘गे’, पंजा टाकून दाबला की ‘के’. हातात वाद्यं दोनच, आणि ही सगळी अक्षरं पोतांची नावं आहेत. पाश्चात्त्य स्वरलेखनात सुराची उंची आणि लांबी काटेकोर लिहिता येते, पोतासाठी मात्र वाद्याचं नाव आणि समासातल्या दोन-चार सूचना एवढंच. बोलांची भाषा पोतालाच अक्षर देते, आणि तीही तोंडानं म्हणता येईल असं. पाठांतर करतानाच विद्यार्थ्याच्या कानात पोत बसत जातो.

वाजवणाऱ्याच्या हातात पोत किती असतो, हे वाद्यागणिक बदलतं. व्हायोलिनवाल्याकडे गजाचा वेग, दाब आणि घोडीपासूनचं अंतर असे तीन लगाम आहेत. गज घोडीजवळ नेला की वरचे उपस्वर वाढून आवाज काचेसारखा होतो, बोटपट्टीकडे नेला की बासरीकडे झुकतो. गिटारची तार बरोबर मध्यावर छेडली तर सम उपस्वर जवळजवळ उठतच नाहीत, कारण त्यांचे स्थिर बिंदू तिथेच असतात. घोडीजवळ छेडली की तोच सूर टोकदार होतो. घरी गिटार असेल तर हे अर्ध्या मिनिटात पाहता येतं.

पियानोचं भांडण मात्र जुनं आहे. वादक म्हणतात, स्पर्शानं स्वराचा रंग बदलतो. भौतिकशास्त्रज्ञ म्हणतात, कसा बदलेल? तारेवर आदळण्याच्या आधीच हातोडी पट्टीपासून सुटलेली असते, शेवटचा टप्पा ती मोकळीच जाते. उरतो फक्त तिचा वेग. बोटानं दाबलं की छत्रीच्या टोकानं, तारेला काय कळणार? युक्तिवाद बिनतोड वाटतो, आणि तरीही मी वादकांच्या बाजूनं आहे. एक तर वेग वाढला की हातोडीवरचं नमदं जास्त दाबलं जाऊन कडक होतं, त्यामुळे मोठा स्वर आपोआप उजळही होतो. जोर आणि पोत वेगळे काढताच येत नाहीत. दुसरं, बोट वरून आपटलं तर पट्टीवरची टकटक स्वराच्या आधी निसटती ऐकू येते, आणि प्रयोगांत काही ऐकणाऱ्यांनी ती ओळखलीही आहे. तिसरं सर्वांत महत्त्वाचं. पियानोवर एकटा स्वर क्वचितच वाजतो. पाच स्वरांच्या गुच्छात कोणता किती पुढे, कोणता केसभर आधी, पेडल किती वर, यांतून पूर्ण गुच्छाचा पोत घडतो. वादक ज्याला स्पर्श म्हणतात ते बहुधा हे सगळं मिळून.

वाजवणाऱ्याची आणखी एक पंचाईत अशी की त्याला स्वतःचा पोत श्रोत्यांसारखा ऐकूच येत नाही. गाताना आपला आवाज हवेतून येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही कानात शिरतो, आणि तो मार्ग खालच्या वारंवारतांना झुकतं माप देतो. म्हणून पहिल्यांदा स्वतःचं ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला आवाज पातळ, परका वाटतो. व्हायोलिनवाल्याच्या डाव्या कानापासून वाद्य वीतभरसुद्धा दूर नसतं. तिथे गजाची खरखर जोरात ऐकू येते आणि शेवटच्या रांगेपर्यंत ती पोचतही नाही, कारण हवा आणि पडदे वरच्या वारंवारता आधी खातात. कानाशी थोडा कर्कश वाटणारा आवाज लांबून स्पष्ट वाटू शकतो, आणि कानाशी गोड वाटणारा लांबून झाकोळलेला. खोलीत तयार झालेला कलाकार मोठ्या सभागृहात सुरुवातीला भांबावतो याचं हेही एक कारण. समूहगायनात तर शहाणे गायक तो ३००० हर्ट्झचा उंचवटा मुद्दाम खाली ठेवतात, नाहीतर चाळीस जणांतून एकटेच ऐकू येतील.

आवाज कधी एकमेकांत मिसळतात आणि कधी वेगळे राहतात, याचं सर्वांत धीट उदाहरण फ्रेंच संगीतकार मोरिस रावेल यांच्या १९२८ सालच्या ‘बोलेरो’ या वाद्यवृंदाच्या रचनेत सापडतं. एकच चाल पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी वाद्यं बदलतात. एका फेरीत हॉर्न चाल वाजवतो, सेलेस्टा हे पट्ट्यांचं, घंटीसारख्या आवाजाचं वाद्य वरच्या सप्तकांत तीच चाल धरतं, आणि दोन पिकोलो, म्हणजे छोट्या बासऱ्या, तिसऱ्या व पाचव्या उपस्वराच्या उंचीवर, म्हणजे चक्क दुसऱ्या पट्ट्यांत, तीच चाल वाजवतात. कागदावर हा विसंवाद. कानाला मात्र तीन पट्ट्या ऐकू येत नाहीत, कधी न ऐकलेलं एक नवंच वाद्य ऐकू येतं. सगळे उपस्वर एकत्र सुरू होतात, एकत्र हलतात, म्हणून मेंदू त्यांचा मालक एकच ठरवतो. चर्चमधले पाइप ऑर्गन बनवणारे हे शतकानुशतकं करत आले होते.

याच धाग्यानं पुढे गेलं तर सप्तकाच्या उगमापर्यंत पोचता येतं. प्लोम्प आणि लेव्हेल्ट यांनी १९६५ साली दाखवलं की दोन शुद्ध नादांच्या वारंवारता फार जवळ, पण एकच नाहीत, अशा असल्या की खरखर जाणवते. तारेच्या दोन स्वरांत षड्ज-पंचम गोड वाटतात कारण त्यांचे बरेच उपस्वर एकमेकांवर नेमके बसतात. पण इंडोनेशियातल्या गामेलान या वाद्यवृंदाच्या धातूच्या पट्ट्या आणि घंटा यांचे उपस्वर दुप्पट-तिप्पट असे पडतच नाहीत. विल्यम सेथारेस यांनी १९९० च्या दशकात असं मांडलं की गामेलानची वेगळी सप्तकं त्या वाद्यांच्या पोताशीच जुळणारी आहेत. हा सिद्धान्त सर्वांना मान्य आहे असं नाही, पण मला तो पटतो.

पोत हरवला तर काय होतं, हे कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू न येणाऱ्यांच्या कानात बसवलेलं विजेवर चालणारं उपकरण, वापरणाऱ्यांच्या अनुभवातून कळतं. निरोगी कानात ध्वनी मेंदूकडे पाठवणाऱ्या आतल्या केसपेशी साधारण साडेतीन हजार असतात. इम्प्लांटमध्ये त्यांच्या जागी साधारण १२ ते २२ विद्युतअग्रं. शांत जागेत बोलणं समजण्याइतकं त्यातून मिळतं, ताल तर उत्तम कळतो. सूर आणि वाद्यं वेगळी ओळखणं मात्र फार अवघड जातं. सवयीनंही कान घडतो. २००१ सालच्या एका प्रयोगात व्हायोलिन आणि ट्रम्पेट वाजवणाऱ्यांच्या मेंदूचा प्रतिसाद मोजला, तेव्हा प्रत्येकाचा मेंदू आपापल्या वाद्याच्या आवाजाला जास्त जोरानं उत्तर देत होता.

अपेक्षाही ऐकण्यात शिरते. स्त्रादिव्हारी या जुन्या इटालियन कारागिराच्या व्हायोलिनांच्या पोताबद्दल तीनशे वर्षं कौतुक चालू आहे. क्लोडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली इंडियानापोलिसमध्ये आणि २०१२ साली पॅरिसजवळ वादकांना वाद्य दिसू नये अशी व्यवस्था करून जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. दुसऱ्या वेळी दहा नामवंत एकलवादक होते. जुनं कोणतं, नवं कोणतं हे त्यांना ओळखता आलं नाही, आणि आवडीचं निवडताना कल नव्यांकडे दिसला. पुढे सभागृहात श्रोत्यांना बसवून चाचणी घेतली, तर त्यांनाही नव्यांचा आवाज जास्त दूर पोचतोय असं वाटलं. यावरून जुनी वाद्यं सामान्य ठरत नाहीत. वादक वाद्य निवडतो ते नुसत्या कानानं निवडत नाही. गज टेकवल्यावर तार किती पटकन बोलते, हनुवटीखाली लाकूड किती थरथरतं, हलक्या दाबाला किती छटा निघतात, हे सगळं त्याच्या हिशेबात असतं, आणि यातलं बरंचसं पाचव्या रांगेत बसलेल्याला कधीच कळत नाही.